बीपीची गोळी चालू आहे? मग सर्दीची गोळी विचारून घ्या

खर्डा (ता. जामखेड) : नाक चोंदले की मेडिकलमधून सर्दीची गोळी आणायची, ही सवय घरोघरी आहे. गोळी एकच दिसते. आत बहुतेकदा तीन औषधे असतात.

फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे रक्तदाब वाढू शकतो. घरात बीपीची गोळी चालू असलेले कुणीतरी असतेच. क्लोरफेनिरामाइनने गुंगी येते. झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर जास्तच. अशा वेळी दुचाकीवर जामखेडला निघू नका. तिसरे पॅरासिटामॉल. वर तापाची वेगळी गोळी घेतली, तर तेच औषध दोनदा पोटात जाते. अतिमात्रेने यकृताला इजा होते.

चालू गोळ्यांची पाकिटे दुकानात दाखवा. फिनाइलएफ्रिन-क्लोरफेनिरामाइनचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावले आहे.