रंगमंचीय नृत्याची परीक्षा : एका माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहात दहावीपर्यंत राहिलेल्या आणि आता इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. जयभीम झाला, पावसापाण्याची चौकशी झाली, आणि मग थोडे अडखळत तो म्हणाला, "सर, मुलगी नाचाच्या परीक्षेला बसते आहे. हौसेची नाही, व्यावसायिक पायरीची परीक्षा आहे. तिची आई म्हणते, बसू द्या. मला मात्र झोप लागत नाही. नाचातून बाहेर पडायला आपल्या माणसांना दोन पिढ्या लागल्या ना?"

हा प्रश्न त्या एकट्या बापाचा नाही, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावे लागू नये. मुरळी, जोगतीण, तमाशातली नाचणारी ही नावे आपल्या वस्त्यांत कला म्हणून आली नाहीत, जन्माचा भोग म्हणून आली. जून 1936 मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळी, जोगतिणी आणि देवदासी यांच्यासमोर जे भाषण केले, त्यात हे जिणे सोडा असे त्यांनी रोखठोक बजावले होते. पठ्ठे बापूरावांच्या तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी परत पाठवले, ही हकीकत तर आपल्या घराघरांत सांगितली जाते. अशा घरातला बाप मुलीच्या पायांकडे पाहून दचकला, तर त्याला मागासलेला म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

परंतु आम्ही इतिहासाचे शिक्षक. परीक्षा काय आहे हे न पाहता मत देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. त्याने पाठवलेली अभ्यासक्रमाची पाने वाचली, मुलीशी दोनदा बोललो, आणि जे समजले ते येथे मांडत आहोत.

ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे नाव इम्पिरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग. नृत्यशिक्षकांनी 1904 साली लंडनमध्ये ती स्थापन केली. 'मॉडर्न थिएटर' ही तिची एक शाखा. झेलिया रे या शिक्षिकेने अमेरिकेतल्या रंगमंचावरील नवे नृत्य शिकून येऊन 1930 च्या दशकात तिची पायाभरणी केली. संगीतिका, नाटके, चित्रपट यांत जे नृत्य दिसते, त्याचे हे पद्धतशीर शिक्षण होय. लहान मुलांसाठी इयत्तांसारख्या पायऱ्या आहेत. त्यांच्या पुढे 'व्होकेशनल' पायऱ्या सुरू होतात : इंटरमीजिएट फाउंडेशन, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड 1 आणि ॲडव्हान्स्ड 2. आपल्याकडे 'व्यावसायिक' म्हटले की पालकांना वाटते, उत्तीर्ण झाले की नोकरी. तसे नाही. ज्याला नर्तक किंवा नृत्यशिक्षक व्हायचे आहे, त्याच्या शरीराची तयारी त्या वाटेला पुरेशी आहे काय, एवढेच येथे तपासतात. नृत्यशिक्षकाच्या पदविकेची वाट इंटरमीजिएटवरून जाते. आमच्या विद्यार्थ्याची मुलगी तिलाच बसते आहे.

परीक्षेच्या खोलीत मुली लहान गटाने जातात. परीक्षक बाहेरून आलेला असतो. शिकवणाऱ्या बाई मध्येच काही सुचवू शकत नाहीत. प्रथम अंग सैल करण्याचे व्यायाम, मग नेमून दिलेले तंत्राचे प्रकार : पाय उंच फेकणे, एका पायावर गिरकी, उड्या, जमिनीवरच्या हालचाली, खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या रचना. त्यानंतर संगीतावर बसवलेले नृत्य. नेमलेल्या गोष्टी महिनोन्महिने घोटता येतात. मुलीची खरी धास्ती वेगळीच होती. परीक्षक आयत्या वेळी एक नवी रचना सांगतो, ती एक-दोनदा दाखवली जाते आणि लगेच करून दाखवायची असते. "सर, हे तुमच्या मराठीच्या पेपरातल्या अपठित उताऱ्यासारखं आहे," असे बापानेच आम्हांला समजावले. पाठांतराने अपठित उतारा सुटत नाही. भाषा अंगात मुरलेली असावी लागते. येथे ती भाषा शरीराची.

म्हणून तयारीचा मोठा भाग पाठांतराचा नसतो. दर आठवड्याला एखादी अनोळखी रचना घ्यावी, दोनदा पाहावी, आणि चुकत का होईना शेवटपर्यंत करावी. थांबायचे नाही. चूक झाली की चेहरा पडतो, चेहरा पडला की पुढच्या चार मात्रा जातात. हा दोष आम्ही वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलांतही पाहिला आहे. दुसरी गोष्ट, डावी बाजू. उजव्या पायावर गिरकी सुबक येते म्हणून मुले तीच घोटत राहतात, आणि परीक्षक दोन्ही बाजू पाहतो. ज्या बाजूने येत नाही त्या बाजूने आधी सुरुवात करावी, असे तिच्या बाईंनी सांगितले होते. गिरकीत नजर समोरच्या एका ठिकाणी रोवून मान शेवटी वळवायची, म्हणजे भोवळ येत नाही. उडीवरून उतरताना गुडघे वाकलेले आणि टाचा पूर्ण टेकलेल्या हव्यात. नाहीतर नडगी आणि टाचेची शीर दुखावते. वाढत्या वयाच्या मुलींनी वजनाच्या धास्तीने जेवण तोडणे हा तर अपराधच समजावा. आरशाचाही एक तोटा आहे. परीक्षेच्या खोलीत आरसा असेलच असे नाही. म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत त्याच्याकडे पाठ करून सराव केलेला बरा.

आता ज्या भागाने आम्हांला खरोखर थांबवले, त्याकडे येतो. अभ्यासक्रमात 'आयसोलेशन' नावाचा प्रकार आहे. खांदा, बरगड्या, कंबर, मान यांतला एकच भाग हलवायचा, बाकीचे शरीर स्थिर. युरोपच्या बॅलेत हे मुळात नव्हते. हे आले आफ्रिकी वंशाच्या गुलामांच्या वंशजांकडून. कॅथरीन डनहॅम (1909–2006) ही कृष्णवर्णीय नर्तिका शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकली, 1935 साली कॅरिबियन बेटांवर गेली, हैतीतल्या लोकांचे नृत्य तिने अभ्यासकाच्या नजरेने नोंदवले आणि त्यातून शिकवता येईल असे तंत्र उभे केले. जमावाने कृष्णवर्णीयाला झाडाला टांगून मारण्याच्या अमानुष प्रथेवर तिने बसवलेले 'साउथलँड' हे नृत्यनाट्य 1951 मध्ये चिलीतील सांतियागो येथे सादर झाले. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतील साम्य सांगितले होते, हे आपण जाणतो. त्याच समाजातली एक विदुषी त्याच काळात आपल्या लोकांच्या नाचाचे शास्त्र करीत होती, हे आम्हांस मात्र या निमित्ताने कळले.

दुसरा धागा तर आपल्या देशातूनच जातो. अमेरिकन रंगमंचीय जॅझ नृत्याचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, तो जॅक कोल (1911–1974) ला मेरी या नर्तिकेकडून भरतनाट्यम शिकला आणि मान, डोळे, हात यांच्या त्या हालचाली त्याने स्विंग संगीतावर बसवल्या. मर्लिन मन्रोची हिऱ्यांच्या गाण्यातली प्रसिद्ध अदा त्यानेच बसवलेली. आणि ते भरतनाट्यम कोणाचे? तमिळ प्रदेशातल्या देवदासींचे. मुली देवाला वाहण्याची प्रथा मद्रास प्रांतात 1947 च्या कायद्याने बंद झाली, ते योग्यच झाले; पण तोवर त्यांची विद्या वरच्या घरांतल्या मुलींच्या वर्गांत पोहोचून प्रतिष्ठित झाली होती, आणि ज्यांची ती होती त्या बदनामच राहिल्या. म्हणजे इंग्लंडमधल्या त्या खोलीत आमच्या विद्यार्थ्याची मुलगी मान सुटी हलवील, तेव्हा त्या हालचालीत दोन तुडवलेल्या समाजांचे श्रम असतील. गुणपत्रिकेवर याचा रकाना नाही.

बापाला आम्ही जे उत्तर दिले ते असे. बाबासाहेबांनी नाकारला तो नाच, ज्यात जन्म ठरवतो की तू नाचशील, आणि समोरचा ठरवतो की तुझी किंमत काय. येथे मुलीने स्वतः निवड केली आहे, काय यावे लागेल ते आधी छापून हाती दिले आहे, आणि गुण विभागवार मिळतात. नको वाटले तर ती उद्या सोडू शकते. मुरळीला हे 'सोडू शकते' कधी उपलब्ध नव्हते.

मात्र परीक्षा निर्दोष आहे असे आम्ही त्याला सांगितले नाही. शुल्क, बूट, जादा शिकवण्या हा खर्च इंग्लंडमधल्या कामगार घरालाही जड जातो. त्यामुळे दार जातीने नव्हे, तर पैशाने अरुंद होते. शिवाय नाटक कंपनीची निवड चाचणी प्रमाणपत्र पाहत नाही, त्या दिवशीचे नृत्य पाहते. तेव्हा मुलीचे शालेय शिक्षण या परीक्षेसाठी मागे पडता कामा नये, हे आम्ही तिलाही सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "सर, मला गणितात जास्त गुण आहेत."

डनहॅमविषयी आम्ही सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले की ही बाई मानववंशशास्त्र आधी शिकली की नाच. आम्ही सांगितले, दोन्ही बरोबरच चालले होते. परीक्षा पुढल्या महिन्यात आहे. बाप आता तिला वर्गाला स्वतः सोडायला जातो, बाहेर गाडीत बसून राहतो. आत अजून गेलेला नाही. डाव्या बाजूची गिरकी, तिच्या म्हणण्याप्रमाणे, अजून थोडी कलते.