चोराला चेहरा कुणाचा द्यावा?

समजा, एखाद्या दिग्दर्शकाने ठरवले की आपला महानायक चोर असेल आणि त्याचा मुख्य पराक्रम तिजोरी फोडण्याचा असेल. त्या कामाला नट कोणता घ्यायचा? महानायकाकडे आपण मान वर करून बघतो. चोराला मात्र आपल्याला माफ करावे लागते. ही दोन्ही कामे एकाच चेहऱ्याकडून करून घ्यायची, म्हणजे पंचाईतच.

हॉलिवूडपुढे हा पेच खरोखरच आला होता. मार्व्हलच्या चित्रकथांत १९७९ साली स्कॉट लँग नावाचा एक चोर अवतरला. आजारी मुलीसाठी तो एका शास्त्रज्ञाचा अजब पोशाख पळवतो; तो घातला की माणूस मुंगीएवढा होतो. त्याच्यावर २०१५ साली ‘अँट-मॅन’ हा चित्रपट आला आणि स्कॉटचे काम मिळाले पॉल रड याला. आडनाव रड आणि धंदा हसवण्याचा! तोवर लोक त्याला ओळखत होते ते विनोदी चित्रपटांतला गोड, जरा गोंधळलेला नट म्हणून. पंचेचाळिशी उलटलेल्या या माणसाने कधी कुणाला उचलून आपटल्याचे मला तरी आठवत नाही.

तरीही ही निवड अचूक होती, असे माझे मत आहे. आपल्या भाषेत ‘चोर’ ही शिवी आहे आणि लाडही आहे. लोणी खाणाऱ्याला आपण चोरच म्हणतो. शब्द तोच, पण तो कुणाकडे बघून उच्चारला यावर त्याचा अर्थ फिरतो. पात्रयोजनेचे कामही तेच. लिहिलेला चोर तोच राहतो. चेहरा बदलला की त्याची शिवी होते किंवा लाड होतो.

चित्रपटातला स्कॉट तुरुंगातून सुटतो, आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी धरतो आणि मालकाला त्याचा पूर्वेतिहास कळताच ती गमावतो. मुलीला भेटायचे तर आधी पोटगीचे पैसे हवेत. मग एका म्हाताऱ्याच्या घरातली तिजोरी. जुन्या पोलादाचा भक्कम दरवाजा. हा पठ्ठ्या त्यात पाणी भरतो आणि द्रवरूप नायट्रोजनने ते गोठवतो. पाणी गोठताना फुगते, हे आपण शाळेत शिकलेलो. त्या फुगण्यानेच दरवाजा निखळतो. आत पैसे नाहीतच, एक जुना पोशाख आहे. हे सारे रड घरातला तुंबलेला नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने करतो. अंगात अद्भुत शक्ती येण्याआधीच आपण त्याच्या बाजूचे झालेले असतो. मूळ दिग्दर्शक एडगर राइट २०१४ साली बाजूला झाल्यावर पटकथेवर पुन्हा हात फिरवणाऱ्यांत रड स्वतःही होता. भूमिका त्याच्या मापाने बेतली गेली, त्यात नवल नाही.

आता मला खुपणारी गोष्ट. स्कॉटचे तीन साथीदार आहेत: एक लॅटिनो, एक कृष्णवर्णीय, एक रशियन ढंगाने बोलणारा. गुन्हेगारीचा डाग चौघांवरही आहे. पोशाख मिळतो गोऱ्या स्कॉटला आणि गाडी चालवायला राहतात हे. कुणाच्या चोरीमागे मजबुरी दिसावी आणि कुणाच्या चोरीमागे जात दिसावी, हे पात्रयोजना करणारा आपल्या नकळत ठरवून टाकतो. ज्यांची नावे ऐकूनच पोलीस मान वळवतात, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

पण त्या तिघांतला लुईस झालेला मायकेल पेन्या वस्ताद निघाला. त्याने सांगितलेली लांबलचक, घोळदार हकिकत आणि त्यात दुसऱ्यांच्या तोंडीही त्याचाच आवाज! चित्रपटगृहाबाहेर पडताना लोक त्याचीच नक्कल करत होते. २०१८च्या दुसऱ्या भागात त्याला अशीच आणखी एक हकिकत मिळाली. २०२३च्या तिसऱ्या भागात कथा भलत्याच अद्भुत दुनियेत गेली, चोरी नावापुरती उरली, आणि लुईस त्यात नव्हताच.