चहाच्या रंगाची नदी

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ओकेफेनोकी दलदलीतून निघणाऱ्या सुवानी नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. हा रंग कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरून विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा. ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जे पार जाते ते विरघळलेले मानायचे, असा संकेत आहे.

या द्रव्यात हजारो प्रकारचे रेणू असतात. क्रोमॅटोग्राफीने ते वेगळे करायचे, तर आधी आम्ल घालून पाण्याचा सामू २ वर आणतात आणि ते रेझिन भरलेल्या नळीतून सोडतात. आम्लामुळे रेणूंवरचा विद्युतभार कमी होतो, बरेचसे रेणू रेझिनला चिकटतात आणि क्षार वाहून जातात. मग वरून मिथेनॉल सोडले, की नळीच्या तोंडातून तपकिरी थेंब पडू लागतात.

पुढची निवड आकारानुसार. सच्छिद्र कणांच्या स्तंभात लहान रेणू छिद्राछिद्रांत शिरत रेंगाळतात. मोठ्यांना आत जागाच नसते, म्हणून ते आधी बाहेर पडतात. एखाद्या औषधाच्या नमुन्यात, बाहेर पडणाऱ्या रेणूंच्या आलेखावर सुटी, टोकदार शिखरे उमटतात. इथे मात्र बहुधा एकच पसरट उंचवटा! वेगळ्या गुणधर्माचा दुसरा स्तंभ जोडला तरी हा उंचवटा पुरता फुटत नाही. म्हणून स्तंभातून उतरणारा एकेक अंश वस्तुमान वर्णपटमापकाने तपासतात. संपूर्ण विलगीकरण हा अजून मनोरथच.

पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने या द्रव्याला महत्त्व आले ते क्लोरीनमुळे. त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म तयार होते, हे रॉटरडॅमचे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले.