कानाची दुखणी कशी ओळखावीत?



घरात कोणाचा कान दुखू लागला की वाटीत तेल कोमट करावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु कानाची दालने तीन आहेत. आणि दुखणे त्यांपैकी कोणत्या दालनात आहे हे कळल्यावाचून केलेला उपाय पुष्कळदा अपाय ठरतो.

पहिले दालन पडद्याच्या अलीकडचे. येथे साचलेला मळ पाण्याने फुगतो, म्हणून स्नानानंतर कानाला एकाएकी दडा बसतो. वेदना मात्र क्वचितच होते. पावसाळ्याच्या दमट हवेत येथे बुरशी वाढून कंड सुटते. कानाची पाळी ओढताच कळ आली, तर नळीच्या त्वचेस सूज आहे असे बहुधा समजावे.

पडद्यापलीकडील मधले दालन एका नळीने नाकामागील पोकळीस जोडलेले असते. मुलांची ही नळी आखूड व बरीचशी आडवी. म्हणून पडशापाठोपाठ रात्री कानात ठणका लागतो, ताप चढतो. पहाटे कान वाहू लागतो आणि मूल शांत झोपी जाते. आईस वाटते, दुखणे सरले. वस्तुतः पडदा फुटून पू बाहेर आलेला असतो. अशा कानात घातलेले तेल थेट मधल्या दालनात उतरते. फुटलेला पडदा बहुधा आपोआप भरून येतो. परंतु थोडा व दुर्गंधीयुक्त स्राव दीर्घकाळ चालू राहिला, तर आतील हाड झिजत असण्याचा व विकार मेंदूपर्यंत पोचण्याचा धोका असतो.

तिसरे, अगदी आतील दालन सहसा दुखत नाही. भोवळ, कानातील नाद आणि बहिरेपण ह्या त्याच्या खुणा होत.

आता एक कान बोटाने बंद करून, तोंड मिटून गुणगुणून पाहा. नाद बंद कानात अधिक घुमेल. कंपकाट्याने करावयाची ह्याच तत्त्वावरील परीक्षा जर्मन शास्त्रज्ञ वेबर ह्यांनी १८३४ साली वर्णिली. एका कानाने ऐकू येईनासे झाले आणि गुणगुणणे त्याच कानात मोठे भासले, तर अडथळा पहिल्या दोन दालनांत असावा. ते चांगल्या कानात मोठे भासले, तर बिघाड आतील दालनात असण्याचा संभव अधिक. हे अनुमान केवळ प्राथमिक होय. परंतु असे बहिरेपण एकाएकी आले असेल, तर मळ समजून वाट पाहू नये, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांस गाठावे. उपचारास विलंब झाला, तर गेलेले ऐकणे परत येईलच असे नाही.