सुनेलाही न सांगितलेली कृती

हल्ली कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या घरी कोरियन मालिका म्हणजे रोजचा रतीब. नायिका ऑफिसात साहेबाची बोलणी खाऊन निघते, नारिंगी ताडपत्री लावलेल्या गाडीत शिरते आणि समोर लालभडक, वाफाळती टोकबोकी येते. की इकडे सोफ्यावर फर्माईश सुरू! या गाडीला तिकडे ‘पोजांगमाचा’ म्हणतात. भांडण, रडारड, प्रेमाची कबुली, मालिकेत सगळं तिथेच उरकतं.

पण मैत्रिणींनो, नायिकेवरची नजर जरा काढून पातेल्यापाशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहा. टोकबोकी म्हणजे तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या चिवट कांड्या. पूर्वी हा राजवाड्यातला पदार्थ, सोया सॉस आणि मांस घालून केलेला. तो तिखट करून रस्त्यावर आणला मा बोक-रिम या बाईंनी. १९५३ साल, युद्ध नुकतंच थांबलेलं, सोल शहराची दैना झालेली. सिंदांग-दोंग भागात रस्त्याकडेला बसून त्या गोचुजांग घातलेल्या कांड्या विकू लागल्या. गोचुजांग म्हणजे मिरची, सोयाबीन आणि चिकट तांदूळ आंबवून केलेलं लाल वाटण. पुढे तिथे टोकबोकीची अख्खी गल्लीच उभी राहिली. नव्वदच्या दशकात गोचुजांगच्या एका जाहिरातीत या आजीबाई झळकल्या. आपली कृती सुनेलासुद्धा ठाऊक नाही, असं त्या त्यात ठसक्यात सांगायच्या! २०११ साली त्या गेल्या. दुकान घरच्यांनी चालू ठेवलंय, म्हणजे सुनांना कृती कधीतरी कळली म्हणायची.

तांदूळ तेव्हा मुबलक नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारच गव्हाचे पदार्थ खा म्हणून मागे लागलं होतं, त्यामुळे गाडीवरच्या कांड्याही गव्हाच्या झाल्या. ‘स्क्विड गेम’मुळे २०२१ साली जगभर गाजलेली दालगोनाही अशीच, गरिबाघरच्या पोरांची. साखर वितळवायची, चिमूटभर खायचा सोडा टाकायचा, फुगली की थापून वर आकार उमटवायचा. तो न मोडता सोडवला की दुसरी चकती फुकट. मालिकेत मात्र मोडली की जीवच जातो!

पडद्यावर या गाड्या गोजिऱ्या दिसतात. प्रत्यक्षात १९८८च्या ऑलिंपिकआधी शहर देखणं दिसावं म्हणून सोलमधल्या फेरीवाल्यांवर मोठी कारवाई झाली होती. पाहुणे येणार म्हटलं की आधी पोट भरणाऱ्यांनाच हलवायचं, ही रीत मला काही नवी वाटली नाही. आमच्या बचत गटातल्या वडापाववाल्या बायकांनाही वाटणार नाही.

मुलींचा हट्ट पुरवायचाच असेल तर मोदकाची उकड येणाऱ्या बाईला टोकबोकी अवघड नाही. उकड चांगली मळा, कांड्या वळा, वाफवा, मग तिखट रश्शात शिजवा. शाकाहारी मंडळींनी हॉटेलात मात्र आधी विचारावं. मूळ रस्सा सुक्या मासळीच्या पाण्यात करतात, आणि त्यात तरंगणारे चपटे तुकडे दिसतात पनीरसारखे, पण असतात माशाचे.