थर्मोस्टॅटचा पडदा काळा पडतो तेव्हा

मागच्या वेळी घराच्या हीटिंगबद्दल बोललो, तेव्हा चहाच्या वेळेत चार-पाच जणांनी एकच प्रश्न विचारला: भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट मध्येच बंद का पडतो? आज तेवढंच घेऊ. हे सगळं अमेरिका-कॅनडातल्या घरांबद्दल आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ही वस्तू नसतेच.

आधी आमचीच फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. आई-बाबा भारतातून आलेले. पहाटे तीनला बाबांनी दार वाजवलं, "अरे, घर गार पडलंय." थर्मोस्टॅटचा पडदा काळा. हेल्पलाइनवर अर्धा तास घालवल्यावर उत्तर मिळालं की थर्मोस्टॅट गेला, नवा घ्या. सकाळी तंत्रज्ञ आला, तळघरात उतरला, फर्नेसचं दार हाताने नीट दाबलं आणि यंत्र सुरू झालं! आदल्या रात्री आम्हीच फिल्टर बदलला होता, आणि दार पुरतं बसलं नव्हतं. त्या दारामागे एक छोटा सुरक्षा स्विच असतो. दार जरा उघडं राहिलं की तो सगळी वीज तोडतो.

पण मग पडदा लगेच का नाही गेला? काही तास चालला कसा? खरी गंमत इथे आहे.

१९५३ साली आलेला हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट तुमच्यापैकी काहींनी जुन्या घरात पाहिला असेल. आत धातूची गुंडाळी आणि काचेच्या नळीत पारा. गारठा वाढला की गुंडाळी वळते, नळी कलते, पारा दोन तारा जोडतो. म्हणजे तो नुसता स्विच. त्याला स्वतःला वीज लागतच नाही. म्हणून घर बांधणाऱ्यांनी भिंतीतून मोजक्याच तारा ओढल्या: आर म्हणजे २४ व्होल्ट आणणारी, डब्ल्यू हीटिंगची, वाय कूलिंगची, जी पंख्याची. सी, म्हणजे वीज परत नेणारी तार, बऱ्याच घरांत ओढलीच नाही. कशाला ओढतील?

आता त्याच जागी आपण वाय-फाय आणि पडदा असलेलं यंत्र लावतो. त्याला चोवीस तास वीज हवी. सी नसेल तर ते वीज चोरतं. हा आमचा शब्द नाही, या धंद्यात असंच म्हणतात. लहानपणी नळाखाली बादली ठेवून थेंबथेंब पाणी सोडायचे, म्हणजे मीटर फिरत नाही, आठवतंय? तसंच. फर्नेस बंद असताना त्याच्याच तारेतून इतका बारीक प्रवाह घ्यायचा की फर्नेसला पत्ता लागू नये, आणि त्यावर आतली छोटी बॅटरी भरायची. पण हीटिंग सुरू झालं की आर आणि डब्ल्यू जोडले जातात आणि थर्मोस्टॅटच्या वाट्याला त्या तारेत व्होल्टेज उरतच नाही. कडाक्याच्या थंडीत फर्नेस तासन्‌तास चालते, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी उतरते. आमची आधीच अर्धमेली होती, दाराने शेवटचा धक्का दिला.

म्हणून लक्षणं नीट बघा. आधी वाय-फाय सुटतं, मग पडदा मंद होतो, भिंतीतून टकटक ऐकू येते, फर्नेस लागते-बंद होते. हे हळूहळू वाढत गेलं तर संशय सी तारेवर. सगळं एकदम गेलं तर थर्मोस्टॅट सोडा, फर्नेसकडे जा.

तिथे काय बघायचं? ब्रेकर. फर्नेसजवळचा दिव्यासारखा दिसणारा स्विच. तळघरातला दिवा समजून पाहुणे तो हमखास बंद करतात. मग दार. उन्हाळ्यात एसीचं पाणी वाहून नेणारी नळी तुंबली की तरंगता स्विच वर येतो आणि पुष्कळदा आरच तोडतो. नळी साफ केली की झालं. शेवटी कंट्रोल बोर्डावरचा फ्यूज, गाडीत असतो तसाच चपटा. जांभळा ३ अँपिअरचा, फिकट तपकिरी ५ चा. जितक्याचा होता तितक्याचाच घाला. आणि तो उडाला कसा, हेही विचारा. बहुतेक वेळा कुणीतरी वीज बंद न करता थर्मोस्टॅट बदलताना आर दुसऱ्या तारेला टेकवलेली असते.

मल्टिमीटर असेल तर एसी व्होल्टवर ठेवून बोर्डावर आर आणि सी मध्ये मोजा. २४ ते २८ आलं तर ट्रान्सफॉर्मर ठीक. तिथे आहे आणि भिंतीवर पोहोचत नाही, तर तार मध्येच तुटली. आमच्या शेजाऱ्यांकडे उंदराने कुरतडली होती.

सी नसेल तर भिंतीतून तारांचा जुडगा थोडा बाहेर ओढा. एखादी न वापरलेली तार, बहुधा निळी, मागे दुमडलेली सापडते. वीज बंद करून ती दोन्ही टोकांना सीला जोडा. एकच टोक जोडून "जमत नाही" म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत. जादा तार नसेल तर अ‍ॅडॉप्टर मिळतो. पंख्याची तार सी म्हणून वापरण्याची युक्तीही आहे, पण एसी असेल तर फर्नेसकडे जोडणी बदलावी लागते. ते तंत्रज्ञाला करू द्या.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. झाकण काढल्यावर जाड तारा आणि टोप्या घातलेल्या गाठी दिसल्या, तर ते १२० किंवा २४० व्होल्टचं बेसबोर्ड हीटिंग आहे. हात लावू नका. २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट तिथे चालत नाही.

कधी दोष तारेत नसतोही. जानेवारी २०१६ मध्ये नेस्टच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे लोकांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि घरं गारठली. काही मॉडेल यूएसबीने चार्ज होतात, तेवढ्याने रात्र निभते. आणि जुना थर्मोस्टॅट फेकू नका. आमचा आता फर्नेसशेजारी, पिशवीत दोन नव्या सेलसकट, खिळ्याला टांगलेला आहे. कुठली तार कुठे होती त्याचा फोटोही सोबत छापून ठेवलाय.