शिरेतून भरवलेला घास

गर्भाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले, जेमतेम किलोभर वजनाचे मूल जगले, तर सुसज्ज रुग्णालयात आज ते कोणी नवल मानत नाही. काचेच्या पेटीतील ऊब, श्वासाला साहाय्य करणारी यंत्रे आणि कोवळ्या फुप्फुसांसाठीची औषधे यांनी गेल्या अर्धशतकात हा पालट घडवून आणला. परंतु श्वास स्थिरावला की तितकाच निकडीचा दुसरा प्रश्न उभा राहतो : या जीवाने खावे काय आणि कसे? चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर नळीने पोटात दूध सोडावे, तर आतडी अद्याप अपक्व. त्यांचा दाह होऊन ती सडण्याचे भय असते. न द्यावे, तर उपासमार होते.

ही उपासमार किती भयंकर असते, याची कल्पना वजनाच्या आकड्यांवरून येत नाही. पूर्ण दिवस भरून आलेले मूल अंगावर चरबीची शिदोरी घेऊन येते. ती त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असते. किलोभराच्या मुलाजवळ ती एकदोन टक्केच. त्याला काहीच न दिल्यास चारपाच दिवसांत शरीराजवळचे इंधन संपुष्टात येते. नुसत्या ग्लुकोजच्या सलाईनवर ठेवले, तर ऊर्जा थोडीफार मिळते. पण शरीरातील प्रथिनांचा साठा दररोज एक टक्का किंवा त्याहूनही अधिक झिजत राहतो. हेच मूल गर्भात असते, तर वारेतून अखंड येणाऱ्या अन्नरसावर किलोमागे रोज सुमारे १५ ग्रॅम वाढले असते. ज्या काळात मेंदू सर्वाधिक वेगाने घडतो, नेमक्या त्याच काळात हा पुरवठा तुटतो.

फिलाडेल्फियाचा प्रयोग

शिरेवाटे माणसाला पूर्ण अन्न देता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मिळाले. स्टॅन्ले डड्रिक, डग्लस विल्मोर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रथम कुत्र्याची पिले केवळ शिरेतील अन्नावर वाढवून दाखवली. नंतर १९६७ मध्ये, आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीला त्यांनी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून पोषण दिले. साखरेचे दाट द्रावण लहान शिरांना सोसत नाही. मोठ्या शिरेतील वेगवान रक्तात मात्र ते तत्काळ पातळ होते, हे त्यामागचे साधे मर्म होते. मुलगी वजनाने आणि उंचीने वाढली. दोन वर्षांची होण्यापूर्वीच ती दगावली. पण तिच्या वाढीने एक वैद्यकीय समजूत कायमची मोडली. स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड यांनी त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या प्रारंभी, सोयाबीनचे तेल शिरेतून देता येईल असे निर्धोक रूप सिद्ध केले होते. साखर, अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थ हे तिन्ही आता हाताशी होते.

तरीही कित्येक वर्षे अगदी लहान अर्भकांना अमिनो आम्ले देण्यास डॉक्टर कचरत. आरंभीच्या मिश्रणांमुळे रक्तातील आम्लता आणि अमोनिया वाढे. त्यामुळे ‘थोडे सावरू द्या, मग पाहू’ हे धोरण ठरून गेले, आणि त्या सावरण्याच्या दिवसांतच मूल झिजत राही. मिश्रणे सुधारली तशी ही सावधगिरी अनाठायी ठरली. आज जन्माच्या पहिल्याच दिवशी अमिनो आम्ले सुरू करणे हा सर्वमान्य दंडक झाला आहे.

अधिक म्हणजे उत्तम नव्हे

थोडे दिल्याने हित होते, मग पुष्कळ दिल्याने अधिक हित का होऊ नये? हा तर्क सरळ वाटतो. निसर्गाला तो मान्य नाही. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात एक किलोहून कमी वजनाच्या ४३४ अर्भकांवर केलेल्या अभ्यासात निम्म्या मुलांना पहिले पाच दिवस रोज एक ग्रॅम अमिनो आम्ले जादा दिली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोन वर्षांच्या वयात अपंगत्वावाचून जगणाऱ्या मुलांची संख्या त्यामुळे वाढली नाही. शिरेतील नळी हे जंतूंनाही उघडलेले द्वार असते. रक्तातील साखर वाढते. आणि हे पोषण फार दिवस चालले तर पित्त साचून यकृताला इजा पोहोचते. शिवाय वजनकाटा पाणी, चरबी आणि मांस यांत भेद करीत नाही. म्हणून जाणते डॉक्टर वजनाइतकेच लक्ष लांबीवर आणि डोक्याच्या घेरावर ठेवतात.

महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी परिसरातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे आढळले, की तेथील नवजात मुले इंग्लंडमधील मुलांहून वजनाने पुष्कळ कमी, सरासरी २.७ किलोची असली, तरी चरबी त्यांनी तुलनेने राखलेली होती. उणीव होती ती स्नायूंची आणि अवयवांची. अशा देहांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक. ही मुले अकाली जन्मलेली नव्हती. पण ‘वजन वाढले म्हणजे मूल वाढले’ हे समीकरण तपासून घ्यावे, हा धडा दोहोंना सारखाच लागू पडतो.

शिरेतील अन्न हा पूल आहे, मुक्काम नव्हे. पलीकडे पोहोचायचे ते आईच्या दुधापर्यंत. पहिल्या दिवसांपासून थेंबथेंब दूध पोटात गेले तरच आतडी कामाला लागतात. ब्रिटन व आयर्लंडमध्ये २,८०४ अर्भकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दूध जलद गतीने वाढवल्याने आतड्याच्या दाहाचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. शिरेवरचे अवलंबन मात्र लवकर सुटले. आईला दूध येत नसेल तेथे दुसऱ्या मातेचे दूध उपयोगी पडते, हे ओळखून डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात दूधपेढी उभारली. आशियातील ती पहिली.

भारतात २०२० या एका वर्षात सुमारे ३० लाख मुले अकाली जन्मली. एवढ्या मुलांच्या देशात शिरेवाटे पोषणाचा विचार निव्वळ बाटल्यांच्या खरेदीपुरता करून चालणार नाही. निर्जंतुक जागेत मिश्रण तयार करणारे हात, नळीला स्पर्श करण्यापूर्वी न चुकता हात धुणारी परिचारिका, रक्तातील साखर वेळेवर तपासणारी प्रयोगशाळा, आणि बाळाजवळ बसून दूध काढण्यासाठी आईला मिळणारी जागा, हे सारे जेथे नाही तेथे जीवनदायी द्रावणच जीवघेणे ठरू शकते. ज्या जिल्हा रुग्णालयात एका परिचारिकेवर पेट्यांची रांग सोपवलेली असते, तेथे पहिला खर्च कशावर करावा, याचे उत्तर म्हणूनच अवघड नाही. यंत्र विकत घेता येते; दर दोन तासांनी त्या चिमुकल्या जीवापाशी जाणारे मनुष्य नेमावे लागते, शिकवावे लागते आणि टिकवावे लागते.